लक्कव्वाच्या माघारी पिंटू

लक्कव्वाच्या घरातल्या वस्तूंना चिंध्या बांधलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तिळगूळ द्यायला गेले होते. पितळी डब्याच्या कडीला लाल चिंधी, शिवणाच्या मशीनच्या चाकाला हिरवी, भिंतीवरच्या आरशाला पिवळी, पाण्याच्या घागरीच्या गळ्यात परत लाल. देवाच्या फळीकडे बघितलं, तर तिथंही. टाकांच्या पेटीला निळी आणि शेजारच्या घंटेच्या दांड्याला निळी.

"मावशी, हे काय गे?"

"काय म्हणजे? चिंध्या."

"त्या दिसतायत. कशाला बांधल्यास?"

"दिसतायत तर बघ," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

माझी आई म्हणायची, ज्योतीचं नाक कायम शेजारच्या फोडणीत. खोटं नाही ते. त्या दिवशी घरी येऊन मी अंगणवाडीचं रजिस्टर उघडून बसले, पण डोक्यात त्या चिंध्याच.

धारवाडात मळमड्डीला आमचं वठार आहे, म्हणजे एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं आणि मधे एक नळ. शेवटच्या दोन खोल्यांत लक्कव्वा राहते. वय त्र्याहत्तर. अळणावरकडच्या खेड्यातली, तरणेपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. जवळच्या मुलींच्या हॉस्टेलात एकतीस वर्षं स्वयंपाक केला. ती रिटायर झाली त्या वर्षी हॉस्टेलच्या मागच्या दाराशी कुणीतरी कुत्र्याचं एक पिल्लू सोडून गेलं होतं. शेवटच्या दिवशी बायांनी तिला साडी-नारळ देऊन निरोप दिला, आणि ती एका हातात साडी सांभाळत घरी आली ती दुसऱ्या हातात पिल्लू घेऊन. तोच पिंटू. आता बारा वर्षांचा आहे. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. लक्कव्वा माणसांशी मराठी बोलते आणि पिंटूशी कन्नड. का, ते तिलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर चिंध्यांचाच विषय. समोरच्या भागीरथीबाई म्हणाल्या, "नवस असणार. नाहीतर कुणीतरी काहीतरी केलंय, ते उतरवायला बांधल्यात."

"घागरीला कोण करणी करतंय हो?" मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? आमच्या गावात एकाच्या सायकलला केली होती."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्कव्वाच माझ्या दारात उभी. काखेत नवी कोरी वही, मागे पिंटू.

"ज्योते, तुझं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात. माझं एक काम हाय."

तिला लिहिता-वाचता येत नाही. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, तेवढ्यावर वठारातली सगळी पत्रं आणि अर्ज माझ्याकडेच येतात. मी तिला आत बसवलं, आणि आता सोडायची नाही असं ठरवून म्हटलं, "आधी चिंध्यांचं सांग. मग वही."

हसली. "हॉस्टेलात साठ पोरींचे साठ डबे. सगळे एकासारखे एक. मला नाव वाचता येत न्हाई. म्हणून प्रत्येकीच्या डब्याला एकेक चिंधी. कुणाची फ्रॉकची, कुणाची साडीच्या काठाची. एकतीस वर्सांत एक डबा चुकला न्हाई. तसंच हे. लाल ती सविताची, माझ्या भावाच्या पोरीची. हिरवी महेशची. पिवळी हॉस्टेलला जायची. निळी अप्पाजीची. मी गेल्यावर ज्याची चिंधी त्यानं उचलायचं. भांडायचं न्हाई, कागद करायचा न्हाई."

मग कळलं हे कुठून आलं ते. दिवाळीनंतर पलीकडच्या गल्लीतले एक मास्तर गेले. एकटेच राहायचे, दोन मांजरं होती. नातेवाईक आले, तेराव्यापर्यंत राहिले, कपाट नेलं, टीव्ही नेला, घराला कुलूप लावलं. मांजरं पायरीवर. लक्कव्वा रोज सकाळी त्यांना दूध घालून यायची. एक मांजर आठ दिवसांनी दिसेनाशी झाली. दुसरी अजून त्या बंद दाराला अंग घासते.

"कपाटाला वारस चार आणि मांजराला एक न्हाई," लक्कव्वा म्हणाली. "आणि मला डॉक्टरनं सांगितलंय, काळजाची झडप ढिली झालीया. हळू चाल म्हणतोय. हळू चालते. पण किती हळू?"

पिंटू तिच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. त्याच्या गळ्यात चिंधी नव्हती.

"आणि याला कुठली?"

"त्याला कशी बांधू? तो काय घागर हाय? त्याला इचारायला पायजे की."

महेश म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा. आठवीपासून बारावीपर्यंत तिच्याकडेच राहून शिकला, आता हुबळीला देशपांडे नगरात त्याचं औषधांचं दुकान आहे, मागेच घर. पिंटूला घेशील का म्हणून तिनं विचारलं, तर तो फोनवरच म्हणाला होता, "घेतो की अव्वा, त्यात काय विचारायचं?"

"मग झालं की," मी म्हटलं.

"व्हय म्हणायला काय लागतंय, ज्योते? पोरीचं लगीन करताना आपण सासर बघतो का न्हाई? मी जित्ती हाय तवर आठ दिस पाठवून बघणार. जमलं तर हिरवी चिंधी. न्हाई जमलं तर दुसरं घर. पण मी गेल्यावर पाठवून बघता येणार न्हाई."

वही होती ती त्यासाठी. पिंटूबद्दल जे जे माहीत पाहिजे ते तिनं सांगायचं आणि मी लिहायचं. तीन संध्याकाळी आम्ही लिहीत होतो. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, पण दूध निवलेलं, फ्रीजचं नको. भात चालतो, भातात हळद नको. उजव्या कानात दर महिन्याला औषधाचे चार थेंब, तेव्हा डोळे झाकावेत. बँडच्या आवाजाला भितो, लग्नाची वरात आली की पलंगाखाली जाऊ द्यावं, ओढू नये. कन्नडमध्ये 'बा' म्हटलं की येतो, मराठीत 'ये' म्हटलं की बघत बसतो. पोस्टमनवर भुंकतो, पण मनात काही नसतं. झोपेत पाय हलवतो, उठवू नये. असं करत एक्केचाळीस ओळी झाल्या. मी मधेच गमतीनं म्हटलं, "मावशी, माझ्या नवऱ्याबद्दल मला एवढं माहीत नाही."

"त्याला तोंड हाय. सांगतोय की," ती म्हणाली.

वही संपवून उठताना मी खोलीभर नजर फिरवली. खरं सांगायचं तर मी माझी चिंधी शोधत होते. कुठं पाचवा रंग दिसतो का. तिच्या ते लक्षात आलंच. आत गेली, शेंगाचटणीची बरणी आणून माझ्या हातात दिली. "शेजारणीला मेल्यावर कशाला? तू आत्ताच घे."

महेश रविवारी ओम्नी घेऊन आला. वही, ताटली, गोधडी, कानाचं औषध, सगळं गाडीत ठेवलं. पिंटू उडी मारून पुढच्या सीटवर बसला. लक्कव्वा दारातून हललीसुद्धा नाही. "व्हय, व्हय, जा," म्हणाली, जसं काही नळावर पाठवतेय.

सोमवारी फोन आला. महेशची बायको सुकन्या, हुबळीचीच, घरात कन्नडच बोलणारी. "अव्वा, ऊटा माडिल्ल," म्हणाली. जेवला नाही. पहिला दिवस, नवं घर, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मंगळवारी नाही. बुधवारी पाणी प्यायला, बिस्किटाचा तुकडा तोंडात धरला आणि ठेवून दिला. गुरुवारी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, सुई दिली, म्हणाले, आजार काही नाही, घराची आठवण काढतोय, म्हातारा आहे. शुक्रवारी महेश त्याला परत घेऊन आला. चेहरा पडलेला. त्यानं वही माझ्या हातात दिली. पानापानावर पेनानं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. "ज्योतीवहिनी, एकूण एक ओळ पाळली आम्ही. भातात हळद नाही घातली. सुकन्यानं दूध फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवलं. आणखी काय करू?"

पिंटूच्या फासळ्या दिसत होत्या. लक्कव्वानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी मेले की हा उपाशी मरणार."

महेशला ते लागलं असावं. चहा न घेताच गेला.

मी तिथंच दारात बसून राहिले. लक्कव्वा उठली, भाकरी थापली, दूध-भाकरी कुस्करून ताटलीत काढली, ताटली कोपऱ्यात ठेवली. पिंटू ताटलीपाशी गेला आणि बसला. खाल्लं नाही. पाच दिवसांचा उपाशी, नाकापुढे भाकरी, आणि हा मान वर करून भिंतीकडे बघतोय. माझ्या मनात आलं, खरंच गेली याची भूक. तोवर लक्कव्वानं स्वतःचं ताट वाढलं, देवापुढे ठेवलं, पाण्यानं चौकोन केला आणि फळीवरची घंटा उचलून वाजवली. टण्ण, टण्ण.

पिंटूनं ताटलीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. ताटली सरकत सरकत पार उंबऱ्यापर्यंत गेली, मागं हा.

"बघ," लक्कव्वा म्हणाली. डोळे पुसत होती. "घरी आला, खाल्लं."

पण मी काहीतरी वेगळं बघितलं होतं. घरी येऊन त्याला अर्धा तास झाला होता. ताटली ठेवून पाच मिनिटं झाली होती. खाल्लं ते नेमकं केव्हा?

"मावशी, त्याला तू कधी घंटेच्या आधी जेवायला घातलंयस?"

"आधी कसं घालीन? आधी देवाचा निवद, मग मुक्या जीवाचा घास, मग आपण. आमच्यात असंच असतंय. तुमच्यात न्हाई का?"

"आमच्यातही आहे. म्हणजे बारा वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाई." आणि मग तिच्या डोक्यात ते शिरलं. माझ्याकडे बघत राहिली. एक्केचाळीस ओळी सांगितल्या होत्या, झोपेत पाय हलवतो तेसुद्धा, आणि घंटा सांगायची राहिली. राहिली म्हणजे काय, सांगायची गोष्ट आहे असंच तिला वाटलं नव्हतं. आणि लिहिणारी मीही देवाला हात जोडल्याशिवाय घास न घेणारी, मलाही विचारावंसं वाटलं नाही. आपण श्वास घेतो हे कोण वहीत लिहितं?

महेशला तिथूनच फोन लावला. "तुमच्याकडे घंटा वाजते का हो?" तो म्हणाला, "देव आहेत वहिनी. फ्रीजवर. सुकन्या सकाळी उदबत्ती लावते. मी दुकानात मोबाइलवर आरती लावतो. घंटा... नाही."

शनिवार-रविवार मला सुट्टी होती आणि खरं म्हणजे ते दोन दिवस मी कामाचं काहीच केलं नाही. आम्ही पिंटूची परीक्षा घेतली. मोबाइलवर आरती लावली, त्यात घंटा होती. पिंटूनं मोबाइल हुंगला. पेल्यावर चमचा वाजवला, तो उठून दाराकडे गेला, दूधवाला आला असं वाटून. मग मी माझ्या घरची घंटा आणली. चांगली आहे, लग्नात आईनं दिलेली, आवाज लांबपर्यंत घुमतो. उभा कान हलला. बसल्या जागी शेपूट हलवली. खाल्लं नाही. मग लक्कव्वानं तिची घंटा उचलली. टण्ण म्हणताच तोंड ताटलीत.

तिच्या घंटेचा आतला लोलक कधीच पडला होता. हॉस्टेलचे नळ दुरुस्त करणाऱ्यानं त्या जागी एक नट तारेनं अडकवून दिला होता. त्यामुळे आवाज घुमत नाही, टण्ण होतो आणि मरतो. जगात तशी दुसरी घंटा मिळायची नाही. आणि तिच्या दांड्याला निळी चिंधी.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. अप्पाजीला बोलवायला पायजे."

अप्पाजी म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, गावी शेती बघतो. घरचे टाक घराण्यातच जायचे, म्हणून देवाचं सगळं त्याच्या नावानं होतं. ती निळी चिंधी तिनं स्वतः सोडून हिरवी बांधली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी तसं म्हटलं. तर माझ्यावर डोळे वटारले. "दिलेलं परत घेऊ? तेबी देवाम्होरचं? ज्याची चिंधी त्यानं सोडायची."

अप्पाजी मंगळवारी बाजाराला आला तेव्हा डोक्याचा रुमाल न काढताच आत येऊन बसला. पन्नाशीचा, बोलायला खडा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? देवाची घंटा कुत्र्याला?"

"कुत्र्याला न्हाई. महेशच्या देवाला. कुत्रं ऐकतंय फकस्त."

"गावात कळलं तर हसतील. म्हणतील, अप्पाजीच्या वाटची घंटा कुत्र्यानं नेली."

"तुझ्या घरात घंटा न्हाई काय?"

"हाय की. दोन हायत."

"मग तिसरी घेऊन काय करणारास? रेल्वे चालवणार?"

मला हसू आवरेना, म्हणून मी भाकरी उलटायला आत गेले. बाहेर अप्पाजी म्हणाला, "मला आधी बघू दे. तू म्हणतीस म्हणून मी मानणार न्हाई."

मग पिंटूची ताटली ठेवली. पिंटू बसला, फळीकडे बघत. अप्पाजी त्याच्याकडे बघत. आत तव्यावरची भाकरी फुगली, मी ती काढली, तरी दोघेही तसेच. शेवटी अप्पाजी स्वतः उठला, रुमाल काढून खांद्यावर टाकला, हात धुतले, निवद दाखवला आणि घंटा वाजवली. पिंटू तुटून पडला.

अप्पाजीनं घंटा फळीवर ठेवली. मग म्हणाला, "माझी पोरं ताट वाढलं की मोबाइल बघत जेवत्यात. ह्यो बरा." आणि दांड्याची निळी चिंधी त्यानं स्वतःच्या बोटांनी सोडली. गाठ घट्ट होती, दात लावावे लागले.

वहीच्या पहिल्या पानावर वरती जागा नव्हती. म्हणून मी पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आधी घंटा.' खाली सुकन्यासाठी कन्नडमध्येही लिहिलं. तिनं फोनवर काळजीनं विचारलं होतं, "अव्वा, मला आरती येत नाही, मंत्र येत नाहीत, चालेल ना?" लक्कव्वा म्हणाली, "आरती म्हणून कुणाचं पोट भरलंय? ताट ठेव, हात जोड, घंटा वाजव. बास."

पुढच्या रविवारी ओम्नी परत आली. या खेपेला पिंटूबरोबर घंटाही गेली, हिरव्या चिंधीची.

सोमवारी मी रजाच टाकली. साडेबाराला मी लक्कव्वाकडे गेले. फोन एकला येणार होता. तिनं आमटी-भात, भाकरी केली होती, ताट वाढून देवापुढे ठेवलं होतं. पाण्याचा चौकोन केलेला.

"जेव की मावशी, फोन येईल तेव्हा येईल."

"बसते."

बसली नाही. फळी पुसली. परत पुसली. हात घंटेच्या जागेवर गेला, तिथं लाकडावर घंटेच्या बुडाचा गोल डाग होता, तोही पुसला. माझ्या लक्षात आलं. बारा वर्षं पिंटू घंटेशिवाय जेवला नव्हता, आणि ही तर आयुष्यात कधीच जेवली नव्हती.

"माझी आणू का?"

"तुझी तुझ्या देवाला असू दे."

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावून फोन देवाच्या फळीवर ठेवला, म्हटलं दोन्ही हात मोकळे राहू देत. पलीकडे सुकन्या, "अव्वा, ठेवलं हं ताट. पिंटू बसलाय. माझ्याकडे बघत नाही, फ्रीजकडे बघतोय."

"मग वाजव की गे."

टण्ण. टण्ण.

लक्कव्वानं डोळे मिटून हात जोडले. फोनमधून नखांचा फरशीवरचा आवाज आला, मग ताटली सरकल्याचा, आणि मग बराच वेळ नुसतं मचमच. सुकन्या हसत होती.

"खाल्लं?" लक्कव्वानं विचारलं.

"खाल्लं अव्वा."

"समदं?"

"सगळं. आता ताटली चाटतोय."

ज्यासाठी महिनाभर धडपडली ते झालं होतं. लक्कव्वा फळीकडे बघत म्हणाली, "हरामखोर. माझ्याबिगर खाल्लं." आणि पदरानं नाक पुसून हसायला लागली.

मग ताट ओढलं. "झाला निवद," म्हणाली.

मी म्हटलं, "पिंटूला फोनवरची घंटा चालली नाही. तुला बरी चालते?"

"त्याला काय कळतंय? मला ठाऊक हाय ती कुणाची हाय."

भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि सवयीनं हात कोपऱ्याकडे गेला. तिथं ताटली नव्हती. हात तसाच थांबला. मग तो तुकडा तिनं आमटीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

आठ दिवसांनी पिंटू परत आला, घंटेसकट, थोडा जाडही होऊन. आता त्याच्या गळ्यात हिरवी चिंधी आहे. सुकन्यानं बांधलीय, लक्कव्वानं नाही. आणि देशपांडे नगरात, महेश सांगत होता, फ्रीजवरचे देव खाली उतरलेत. सुकन्यानं त्यांना वेगळी फळी केली आणि दुर्गदबैलच्या बाजारातून नवी घंटा आणली. पिंटूला तिचा उपयोग नाही. पण रोज दुपारी एकला ती वाजते, आणि त्याच वेळी इकडे मळमड्डीत ही लक्कव्वाची.